मालिकेवरचा तुमचा अभिप्राय पोचतो कुठे?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

बेळगाव, निपाणी, खानापूर, अथणी भागातून या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत एकच खंत आहे: आम्ही रोज मालिका बघतो, तळमळीने मत कळवतो, पण ऐकतं कोण? पत्रं थोडी आवरून घेतली आहेत, नावं वगळली आहेत.

प्रश्न : सासूबाई, मी आणि दोन्ही मुली रोज रात्री साडेआठला एकच मराठी मालिका बघायचो. गल्लीतल्या दहांपैकी आठ घरांत तीच लागलेली असायची. तरी "टीआरपी नाही" म्हणून ती गुंडाळली. आमचं बघणं कुणी मोजतं की नाही? (गृहिणी, निपाणी)

बहुधा मोजलं गेलं नाही. आणि मोजलं गेलं असलं, तरी ज्या यादीवर मालिकेचं भवितव्य ठरतं त्या यादीत ते धरलेलं नाही.

टीआरपीचे आकडे २०१५ पासून बार्क ही संस्था काढते. देशभरातल्या पन्नास हजारांहून जास्त घरांत तिचं मीटर बसवलेलं आहे. कोणत्या घरात ते आहे हे गुप्त ठेवतात. वाहिनी आपल्या आवाजात कानाला ऐकू न येणारा एक संकेत मिसळते. टीव्हीशेजारचं मीटर तो ओळखतं, त्यामुळे कोणती वाहिनी चालू आहे ते कळतं. समोर कोण बसलंय हे मात्र मीटरला आपोआप कळत नाही. त्यासाठी वेगळा रिमोट असतो आणि घरातल्या प्रत्येकाला त्यावर एकेक बटण दिलेलं असतं. बसताना ते दाबायचं, उठताना पुन्हा दाबायचं. दोन वर्षांवरचं मूलसुद्धा प्रेक्षक म्हणून धरतात.

हिशेब मिनिटांचा असतो. समजा दोघी अर्धा तास बघायला बसल्या आणि एक दहा मिनिटांनी स्वयंपाकघरात गेली. पहिल्या दहा मिनिटांत दोन प्रेक्षक, उरलेल्या वीस मिनिटांत एक. म्हणजे तीस मिनिटांत चाळीस प्रेक्षक-मिनिटं, सरासरी १.३३. "सुरुवात आणि शेवट बघते, मधलं पाणी घातलेलं सोडते" असं बघणाऱ्यांमुळे मालिकेचा आकडा खाली येतो तो असा.

आता सीमाभागाची गोष्ट. मराठी वाहिन्यांचा दर आठवड्याचा जो क्रम छापून येतो, तो "महाराष्ट्र-गोवा" या बाजाराचा, म्हणजे मोजणीसाठी धरलेल्या भागाचा, असतो. बेळगाव जिल्हा कर्नाटकच्या बाजारात मोडतो. तुमच्या गल्लीत मीटर असलेलं घर निघालं, तरी तिथलं मराठी मालिका बघणं कर्नाटकच्या खात्यात जमा होतं. सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या कागलला बघितलेली मालिका त्या क्रमात धरली जाते, निपाणीला बघितलेली धरली जात नाही. अंतर किती, तर हाकेचं! आम्हाला हे खटकतं. पण मोजणीचं चित्र असं आहे हे माहीत असलं, तर आपला जोर कुठे लावायचा ते ठरवता येतं.

आमच्या मते सीमाभागातल्या प्रेक्षकाच्या रिमोटपेक्षा त्याच्या पत्राला वजन जास्त आहे. वाहिनीला लिहिताना गाव, तालुका, जिल्हा पहिल्याच ओळीत लिहा. दुसरं पत्र जाहिरातदाराला. ज्या मसाल्याची नाहीतर साबणाची जाहिरात मालिकेत लागते, तो माल निपाणीच्या दुकानातही विकला जातो. पुडीवर ग्राहक सेवेचा पत्ता छापलेला असतोच. "ही मालिका आम्ही बघतो, तुमची जाहिरात इथे दिसते आणि तुमचा माल आम्ही घेतो" एवढी तीन वाक्यं पुरेत.

प्रश्न : नायिकेला तिसऱ्यांदा त्याच खोट्या आरोपात अडकवलंय. दोन आठवडे आम्ही मैत्रिणी वाहिनीच्या फेसबुक पानावर लिहितोय, शिव्यासुद्धा दिल्या. काही बदल नाही. (शिक्षिका, खानापूर)

दोन आठवड्यांत बदल दिसणं अवघडच. आज बघताय तो भाग बराच आधी चित्रित झालेला असतो. तयार भागांच्या साठ्याला मालिकावाले "बँक" म्हणतात. आठ-दहा भागांची बँक असली तर सोमवार ते शनिवार चालणाऱ्या मालिकेचा दीड आठवडा आधीच ठरून गेलेला असतो. बँक नेहमीच तेवढी भरलेली नसते. कलाकार आजारी पडला किंवा सेटवर पाणी शिरलं की ती दोन-तीन भागांवर येते.

त्यात आकड्यांचा उशीर मिळवा. बार्कचा आठवडा शनिवार ते शुक्रवार, आकडे पुढच्या गुरुवारी. सोमवारी लागलेल्या भागाला लोक कंटाळले हे वाहिनीला कळायला दहा-अकरा दिवस जातात. मग वाहिनी आणि निर्माता कथानकाची दिशा बदलतात. कथा, पटकथा, संवाद हे बहुतेक वेळा तीन वेगळ्या माणसांचं काम. त्यांच्या हातून प्रसंग उतरले की चित्रीकरण, मग संकलन. सगळं धरून तीन आठवडे सहज होतात. तुमच्या लिहिण्याला फळ आलं असेल, तर ते चौथ्या आठवड्यात दिसेल.

राहिल्या शिव्या. खलनायिकेवर प्रेक्षक चिडले की वाहिनी ते पात्राचं यश समजते आणि तो ट्रॅक आणखी ताणते. "हिला बाहेर काढा", "हात तुटोत हिचे" अशा शंभर प्रतिक्रिया म्हणजे पात्र चाललं! वाहिनीला भीती वाटते ती कंटाळ्याची. म्हणून असं लिहा: "मंगळवारच्या भागात आरोपाचा प्रसंग सुरू झाल्यावर आम्ही वाहिनी बदलली, कारण हाच आरोप याआधी दोनदा झाला आहे आणि नायिकेला तो खोडता येतो हे आम्ही पाहिलं आहे." दिवस, प्रसंग, आणि आपण काय केलं. यातलं शेवटचं सगळ्यात मोलाचं, कारण वाहिनीकडे मिनिटामिनिटाचा आलेख असतो. त्यातली घसरण का झाली हे आलेख सांगत नाही, ते तुमच्या वाक्यातून कळतं.

खलनायिका साकारणाऱ्या अभिनेत्रीच्या स्वतःच्या पानावर जाऊन तिला बोल लावू नका. संवाद तिने लिहिलेले नाहीत, आणि ते बदलणंही तिच्या हातात नाही.

प्रश्न : रात्री आठच्या मालिकेत लहान मुलाला चटके देण्याचा प्रसंग होता, तोही दोन भाग. माझा नातू रात्रभर झोपला नाही. तक्रार कुठे आणि कशी करायची? (निवृत्त कर्मचारी, शहापूर, बेळगाव)

ही तक्रार जरूर करा. "कथा आवडली नाही" हे मत झालं. लहान मुलांवरची हिंसा, अश्लीलता, अंधश्रद्धेचं उदात्तीकरण, एखाद्या समाजाची नालस्ती यावर तक्रार होऊ शकते. मोठ्यांसाठीचा मजकूर रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेतच दाखवावा असं वाहिन्यांच्या संघटनेनेच ठरवून घेतलेलं आहे. आठची वेळ घरातल्या सगळ्यांची, त्यामुळे तुमचा मुद्दा भक्कम आहे.

केबल टीव्ही नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार तक्रारीच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली वाहिनी. तिच्या संकेतस्थळावर अगदी तळाशी तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता असतो. वाहिनीने २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिन्यांच्या स्वनियमन मंडळाकडे अपील करा. मनोरंजन वाहिन्यांसाठी बीसीसीसी नावाचं असं मंडळ २०११ पासून आहे आणि निवृत्त न्यायमूर्ती त्याचं अध्यक्षपद सांभाळतात. मालिका चालू असताना पडद्याच्या खालून तक्रारीविषयीची जी पट्टी सरकत जाते, ती याच मंडळाची. मंडळाला ६० दिवसांची मुदत आहे. तिथेही न्याय वाटला नाही तर १५ दिवसांत केंद्र सरकारकडे जाता येतं.

बरेच जण पहिली पायरी टाळून थेट दिल्लीला लिहितात. तसं करू नका, आधी वाहिनीला विचारलं का असा प्रश्न हमखास येतो. दुसरी चूक उशिराची. प्रक्षेपणाची नोंद वाहिनीला ९० दिवसच ठेवावी लागते, म्हणून आठवड्याच्या आत लिहिलेलं बरं. तिसरी चूक मोघमपणाची. "फार हिंसा दाखवतात" यावर कुणाला काही करता येत नाही. तुमच्या पत्राचा गाभा असा हवा:

"अमुक तारखेला रात्री ८ वाजता लागलेल्या भागात, पहिल्या जाहिरातीनंतर, सावत्र आई सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हाताला तापलेला चमचा लावते. मुलाचा चेहरा आणि किंकाळी सलग दाखवली आहे. तोच प्रसंग दुसऱ्या दिवशीच्या भागाच्या सुरुवातीला पुन्हा दाखवला. माझी हरकत प्रसंगाच्या तपशिलाला आणि वेळेला आहे. पुनःप्रक्षेपणातून आणि ॲपवरून तो काढावा."

शेवटचं वाक्य विसरू नका. मागणी लिहिलेली नसली तर "आपल्या भावनांची नोंद घेतली" एवढंच उत्तर हाती पडतं. पोचपावतीचा क्रमांक जपून ठेवा, अपिलात तो लागतो. हाच भाग ॲपवर पाहिला असेल तर नियम वेगळे आहेत, पण ॲपलाही तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि मुदत १५ दिवसांचीच आहे.

प्रश्न : एका मालिकेत बेळगावचं पात्र आलंय. दर दोन वाक्यांनी "गोत्तिल्ला", "एल्ली" म्हणतं आणि बाकी सगळं पुणेरी बोलतं. लोक हसतात, आम्हाला वाईट वाटतं. हे कसं सांगायचं? (महाविद्यालयीन विद्यार्थी, येळ्ळूर)

वाईट वाटण्यासारखंच आहे. कन्नड शब्द पेरले की बेळगावची बोली झाली, हा समज चुकीचा आहे. आपल्या बोलीत कन्नड दिसते ती वाक्याच्या बांधणीत आणि हेलात. "काय करुलालास?" (काय करतोयस?) घ्या. यात "करू लागलास" आवळून बसलंय. धारवाड-बेळगावकडची कन्नड याच जागी "एन माडाकत्तीरी?" म्हणते, आणि तिथल्या "हत्तु" या क्रियापदाचा अर्थही लागणे, चिकटणे असाच आहे. दोन्ही भाषा एकाच साच्यातून बोलतात! बेंगळुरूची कन्नड तिथे "एन माड्तिदीरा?" म्हणेल. म्हणजे कन्नड मालिकांतही उत्तर कर्नाटकातलं पात्र असंच घसरतं, आणि तिकडचे प्रेक्षकही हीच तक्रार करतात.

लेखकाला "बोली चुकली" एवढं कळवून भागत नाही, दुरुस्त वाक्य द्या. मालिकेतलं वाक्य जसंच्या तसं लिहा, खाली तुमच्या घरात ते कसं म्हटलं जाईल ते लिहा. कोण कुणाला म्हणतंय हेही सांगा: बरोबरीच्या किंवा धाकट्या पुरुषाला "गा", बाईला "गे", मोठ्यांना "वो". सुनेने सासऱ्याला "काय गा" म्हटलेलं कुणी ऐकलंय? आणि पात्र नेमकं कुठलं तेही कळवा, कारण निपाणीची बोली कोल्हापुराकडे झुकते, खानापूरच्या रानाकडची कोकणीकडे. अशी पाच-सहा वाक्यं आणि अर्ध्या मिनिटाचं ध्वनिमुद्रण पाठवलं, तर संवादलेखकाला ते दुसऱ्या दिवशी वापरता येतं.

प्रश्न : आई कन्नड मालिका बघते, मी मराठी. गोष्ट तीच, नावं वेगळी. कोणी कोणाची चोरली? आणि सरळ डब का करत नाहीत? (अथणी)

बहुतेक वेळा चोरी नसते, हक्क घेऊन केलेलं रूपांतर असतं. "ठरलं तर मग" ही सन टीव्हीवरच्या "रोजा" या तमिळ मालिकेवर बेतलेली. उलट दिशेनेही गोष्टी जातात: कोल्हापूरच्या मातीतली "तुझ्यात जीव रंगला" कन्नडमध्ये "जोडी हक्की" झाली. पण आईच्या मालिकेवरून तुमच्या मालिकेचा शेवट ओळखू नका. पहिले काही महिने दोन्ही समांतर चालतात, मग त्या त्या बाजाराचे आकडे गोष्टीला आपापल्या वाटेने नेतात.

कन्नडमध्ये डबिंगला कित्येक दशकं अघोषित बंदी होती. स्थानिक कलाकार-तंत्रज्ञांच्या पोटावर पाय येईल, ही त्यामागची भीती. २०१५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने हा अडसर स्पर्धेच्या विरोधात असल्याचं ठरवून तिथल्या चित्रपट आणि टीव्ही संघटनांना दंड केला. २०२० च्या टाळेबंदीत चित्रीकरण थांबलं, तेव्हा डब केलेल्या पौराणिक मालिका कन्नड वाहिन्यांवर आल्या. घरगुती मालिका मात्र आजही नव्यानेच केलेली बरी पडते. सण, नाती, स्वयंपाकघर डबिंगमध्ये परकं वाटतं.

प्रश्न : ॲपवर बघितलं तर टीआरपीत धरतात का? (चिक्कोडी)

नाही. ते आकडे ॲपकडेच राहतात. मालिकेला हात द्यायचा असेल तर टीव्हीवर, ठरल्या वेळी बघा.

प्रश्न : केबलवाल्याने पॅक बदलला आणि दोन मराठी वाहिन्या गेल्या. "इकडे कन्नडच पॅक येतो" म्हणतो. (हुक्केरी)

पॅक कन्नडचा असला तरी कोणतीही सशुल्क वाहिनी सुटी मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. ९९९ क्रमांकाच्या वाहिनीवर दर दिसतात. हव्या त्या वाहिन्यांची नावं आणि बॉक्सचा व्हीसी नंबर (व्ह्यूइंग कार्डचा क्रमांक) लिहून द्या, नको असलेला पॅक काढायलाही त्याच कागदावर सांगा, नाहीतर बिल फुगतं. गल्लीतला केबलवाला ही मागणी वरच्या मोठ्या कंपनीकडे पाठवतो. त्याने टाळाटाळ केली तर कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर स्वतः फोन करून तक्रार क्रमांक घ्या.