नेट माझ्या नावावर, डाउनलोड भावजींचं

"ताई, नेटचं कनेक्शन माझ्या नावावर आहे आणि डाउनलोड करतात भावजी. उद्या पोलीस दारात आले तर नेणार कुणाला?"

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिनं हे विचारलं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न बऱ्याच जणांनी आणलाय. कुणाचा भाचा असतो, कुणाचा कॉलेजला जाणारा मुलगा, कुणाचा शिकायला येऊन राहिलेला चुलतभाऊ. हिची गोष्ट तिच्या परवानगीनं, ओळखीच्या खुणा बदलून सांगते. तिला इथं वहिनीच म्हणते, कारण ती कुणाची तरी वहिनी होती म्हणूनच तिचं तोंड बांधलं गेलं होतं.

मंगळवार पेठेत घर. खाली सासू-सासरे, वर ही दोघं, माडीवरच्या खोलीत धाकटा दीर. वहिनी प्राथमिक शाळेत शिक्षिका. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, वर्ग मोबाइलवर आले, तेव्हा तिनं फायबरचं कनेक्शन घेतलं. आधार कार्ड तिचं, बिल तिच्या पगाराच्या खात्यातून. पुढं सगळं घर त्यावर आलं. दीर उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये डायची, म्हणजे साच्यांची, ड्रॉइंग काढतो, आणि उरलेलं काम घरच्या लॅपटॉपवर करतो.

एका संध्याकाळी तिचं ऑनलाइन प्रशिक्षण सारखं अडकायला लागलं. तिनं लॅपटॉप उघडला तर कोपऱ्यात एक प्रोग्रॅम चालू. सिनेमांची लांबलचक यादी, आणि 'अपलोड'च्या रकान्यात 'डाउनलोड'पेक्षा मोठे आकडे. त्याच सुमारास मैत्रिणींच्या ग्रुपवर कुणीतरी एक जुना स्क्रीनशॉट टाकला होता: बंद केलेली वेबसाइट पाहिली तर तीन वर्षं कैद आणि तीन लाख दंड. तेव्हापासून बेल वाजली की तिच्या पोटात गोळा यायचा. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "सगळं गाव करतंय. तूच कशाला घाबरतेस?"

मी वकील नाही. म्हणून तिच्यासमोरच एका वकील मैत्रिणीला फोन लावला. भीती खरी किती आणि ऐकीव किती हे वेगळं केल्याशिवाय पुढचं बोलणं म्हणजे वारा मुठीत धरणं.

तो स्क्रीनशॉट २०१६ सालचा निघाला. तेव्हा न्यायालयाच्या आदेशानं बंद केलेल्या पानांवर तसा इशारा झळकत असे. मुंबई उच्च न्यायालयानं त्याच वर्षी स्पष्ट केलं की नुसतं पाहणं हा गुन्हा नाही, परवानगीवाचून वाटणं, विकणं, भाड्यानं देणं, जाहीरपणे दाखवणं हा आहे. हे ऐकून वहिनीनं श्वास सोडला. पण तिथं थांबणं खोटेपणाचं झालं असतं, कारण लॅपटॉपवर चालू होता तो टॉरेंटचा प्रोग्रॅम, आणि टॉरेंटची गंमतच वेगळी आहे. त्यात फाइल एका ठिकाणाहून येत नाही, तुकड्यातुकड्यानं अनेकांकडून येते, आणि आलेला तुकडा आपला लॅपटॉप त्याच वेळी दुसऱ्यांना द्यायला लागतो. सिनेमा उतरून झाला तरी प्रोग्रॅम बंद करेपर्यंत हे वाटप चालूच. तिनं पाहिलेले मोठे आकडे ते हेच. शिवाय या देवाणघेवाणीत असलेल्या प्रत्येकाला बाकीच्यांचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवरचा ओळख क्रमांक, दिसतो. घरातले मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप बाहेर सहसा एकाच पत्त्यानं ओळखले जातात, आणि तो पत्ता त्या वेळी कुठल्या ग्राहकाकडं होता याची नोंद नेट देणाऱ्या कंपनीकडं असते. ती नोंद वहिनीच्या नावाची.

मग नेणार कुणाला? कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याचं कलम ६३ 'जाणूनबुजून' केलेल्या किंवा त्याला साथ दिलेल्या उल्लंघनाला लागतं: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. बिलावर नाव आहे एवढ्यानं कुणी गुन्हेगार होत नाही, पण विचारायला माणूस येतो तो त्या नावाकडंच येतो. आणि माहीत झाल्यावरही वर्षानुवर्षं गप्प राहिलात तर ते तुमच्या बाजूनं बोलणार नाही, असं मैत्रिणीनं सरळ सांगितलं.

मैत्रिणीनंच पुढं विचारलं, "दीर ड्रॉइंग कशावर काढतो?"

वहिनीला माहीत होतं. दुकानातून विकत घेतलेलं नव्हे, त्याच प्रोग्रॅममधून उतरवलेलं, 'क्रॅक' केलेलं, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेलं सॉफ्टवेअर. मैत्रीण म्हणाली, सिनेमापेक्षा मला याची काळजी जास्त आहे. चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरण्यासाठी कलम ६३ बी वेगळं आहे. धंद्यासाठी, फायद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून फक्त दंड करू शकतं. हा मुलगा तर त्यावर पगाराचं काम करतोय. आणि क्रॅक बसवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, मग आत काय शिरेल सांगता येत नाही. त्याच लॅपटॉपवर वहिनी बँकेचे व्यवहार करत होती.

कायद्याचा भाग इथं संपला. मी तिला विचारलं, "रविवारी संध्याकाळी तुमच्या घरी काय असतं?"

ती म्हणाली, "सिनेमा. सगळे खाली बसतो."

"कुठला?"

ती गप्प झाली. कोल्हापूरला सिनेमाचं वेड जुनं, प्रभात कंपनी १९२९ मध्ये इथंच उभी राहिली. तिच्या सासऱ्यांना पडद्यावर नाव उमटल्यापासून शेवटपर्यंत सिनेमा बघायची सवय, आणि गुडघ्यांमुळं थिएटरचे जिने आता होत नाहीत. धाकटा मुलगा पेन ड्राइव्ह आणून टीव्हीला लावतो, सासूबाई शेंगदाणे भाजतात, वहिनीही बसते. एक मालिका तर तिनं स्वतःच मागवली होती. हे सांगताना तिचे डोळे भरले. "म्हणजे मीपण त्यातलीच की हो."

मला हे तिच्याकडून यायला हवं होतं. तिला दोषी ठरवायचं नव्हतं. पण 'तुम्ही चोरी करताय' असं म्हणत ती दिरासमोर गेली असती, तर त्यानं एकच वाक्य टाकलं असतं, 'वहिनी, मालिका कुणी मागितली होती?' आणि बोलणं तिथंच मोडलं असतं. अशा घरांत डाउनलोड करणारा एक असतो आणि खाणारे सगळे. हे आधी मान्य केलं की आवाज आपोआप खाली येतो.

आम्ही ठरवलं की ती दिराशी एकट्यानं बोलेल. नवऱ्यामार्फत निरोप नाही, सासऱ्यांसमोर तर मुळीच नाही, कारण बापापुढं पकडला गेलेला तरुण मुलगा कबूल करत नाही, भांडतो. पहिलं वाक्य तिच्या स्वतःच्या नावाचं आणि नोकरीचं असेल.

पण भीती माणसाला थांबू देत नाही. त्याच रात्री तिनं वायफायचा पासवर्ड बदलला. सकाळी सासूबाईंचा इचलकरंजीच्या लेकीशी चालू असलेला व्हिडिओ कॉलचा रतीब चुकला, दिराचं ड्रॉइंग पाठवायचं राहिलं, आणि "वहिनींनी घराचं नेट तोडलं" ही बातमी नाश्त्याआधी खालच्या मजल्यावर पोचली. सासूबाई चार दिवस कामापुरतं बोलल्या. दिरानं मोबाइलचा हॉटस्पॉट लावून आपलं काम चालू ठेवलं, टॉरेंटसकट.

पासवर्ड बदलू नये असं मी म्हणत नाही. राउटर बसवणाऱ्या माणसानं ठेवलेलाच पासवर्ड कित्येक घरांत वर्षानुवर्षं असतो, शेजारच्या पोरांनाही तो पाठ असतो. तो बदलावाच. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं ठेवावं, राउटरच्या ॲपमध्ये कुठली उपकरणं जोडलेली आहेत ते अधूनमधून बघावं. पण हे सगळ्यांना सांगून, बोलणं झाल्यावर. न सांगता लावलेल्या कुलपाला घरातला माणूस शिक्षा समजतो, आणि शिक्षेला पळवाटा फार.

पाचव्या दिवशी तिनं दिराला गाडीवरून शाळेत सोडायला सांगितलं. शाळेच्या फाटकाशी, हेल्मेट हातात घेऊन, ती म्हणाली, "भावजी, पासवर्ड न सांगता बदलला, ते चुकलं माझं. पण मला रात्री झोप येत नाही. कनेक्शन माझ्या नावावर आहे. काही झालं तर पहिलं मला विचारतील आणि माझी नोकरी शाळेची आहे. सिनेमे मीपण बघितलेत, नाही म्हणत नाही. इथून पुढं आपल्या घरात हे नको."

तो आधी म्हणाला, "कंपन्यांना काय फरक पडतोय, वहिनी." यावर ती वाद घालायला गेली नाही. मागच्या वर्षी त्याचं एक ड्रॉइंग दुसऱ्या वर्कशॉपनं न विचारता, पैसे न देता वापरलं होतं, तेव्हा तो दोन दिवस जेवला नव्हता. तिनं फक्त त्याची आठवण काढली. तो बराच वेळ गाडीच्या आरशाकडं बघत राहिला. मग खरं बाहेर आलं: मालक सॉफ्टवेअर घेऊन देत नाही, आणि 'मला जमत नाही' म्हटलं तर काम दुसऱ्याला जाईल. घरात पैसे मागायची लाज वाटते. सिनेमे आणतो कारण आप्पा, म्हणजे त्याचे वडील, खूश होतात, आणि घरात आपला उपयोग काय तर तेवढाच, असं त्याला वाटतं.

हे ऐकून वहिनी माझ्याकडं आली तेव्हा पोलिसांचं नावही तिनं काढलं नाही. आम्ही दिराबद्दलच बोललो.

पुढचं काम कोरडं, पण करावं लागतं. टॉरेंटचा प्रोग्रॅम नुसता बंद न करता काढून टाकला, कारण तो लॅपटॉप सुरू होताच आपोआप उठायचा. लॅपटॉप पुसून पुन्हा बसवला, वहिनीनं बँकेचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलले. आप्पांसाठी एका ओटीटीची वर्गणी घेतली, ती दिरानं स्वतःच्या पगारातून भरली, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. पेन ड्राइव्हऐवजी आता रिमोट हातात देणारा तोच आहे. सरावासाठी तो फ्रीकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर शिकतोय. ते फुकट आहे आणि धंद्याच्या कामालाही चालतं. डायच्या कामाला ते पुरं पडत नाही असं तो म्हणतो, आणि त्याचं म्हणणं बरोबर असेल. त्यानं मालकाला सांगितलं की घरी काम नेणार नाही, वर्कशॉपच्या मशिनवरच करीन आणि लायसन्सचं तुम्ही बघा. मालकानं अजून काही ठरवलेलं नाही. तोवर पोरगा रात्री नऊला घरी येतो आणि सासूबाई गार भाकरीवरून वहिनीवर कुरकुरतात.

मागच्या भेटीत तिनं विचारलं, माडीवरच्या कपाटात जुन्या सिनेमांची हार्ड डिस्क आहे, ती मी टाकून देऊ का? मी म्हटलं, ती त्यांची आहे. त्यांना विचारा. ती म्हणाली, विचारते, रविवारी, सिनेमा संपल्यावर.