मांडीवर शांत बसणारा ससा हवा असेल तर सगळ्यात छोटी जात घ्यावी का?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: घर लहान आहे, मुलगी सहा वर्षांची आहे, ससा शांत आणि मांडीवर बसणारा हवा, म्हणून नेदरलँड ड्वार्फ घ्यायचा विचार आहे. मी बरीच वर्षं लहानमोठे ससे पाळतो आहे. माझं मत विचाराल तर तुमच्या घरासाठी ही निवड चुकीची ठरेल.

छोटं जनावर म्हणजे कमी धावपळ, हा हिशेब सशांना लागू पडत नाही. बऱ्याचदा तो उलटाच असतो. नेदरलँड ड्वार्फ पूर्ण वाढला तरी जेमतेम एक किलोचा. ही जात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नेदरलँड्समध्ये तयार झाली आणि तिच्यात छोट्या रानटी सशांचं रक्तही मिसळलेलं आहे. सुरुवातीचे ड्वार्फ तर घाबरट आणि चावरे म्हणूनच ओळखले जात. नंतर पैदास करणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवांत ससे निवडत स्वभाव बराच सौम्य केला. तरीही आवाज झाला की उसळी, हात पुढे आला की पळ, हे त्यांच्यात अजून दिसतं. गोल चेहरा आणि मोठे डोळे पाहून ते कायम पिल्लूच वाटतात आणि लोक फसतात. ब्रिटानिया पेटिट साधारण तेवढ्याच वजनाची, पण त्याहून चळवळी.

दुसऱ्या टोकाला फ्लेमिश जायंट. सहा किलो आणि त्याहून जास्त. हा प्राणी लादीवर अंग पसरून पडला की तासभर हलणार नाही. फ्रेंच लॉप किंवा न्यूझीलंड व्हाइट हेही असेच संथ आणि माणसात रमणारे. पण तुमच्या मुलीला फ्लेमिश उचलता येणार नाही, गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरतील, कडक जमिनीवर तळव्यांना जखमा होतील, आणि मोठ्या जातींचं आयुष्यही तुलनेने कमी असतं. शिवाय तो शांत असला तरी त्याची एक उडीच अर्ध्या खोलीची!

वजनापेक्षा अंगकाठी जास्त सांगून जाते. काही जातींचं शरीर कमानीसारखं उचललेलं असतं, पाय लांब, पोट जमिनीपासून वर. इंग्लिश स्पॉट, टॅन, चेकर्ड जायंट, बेल्जियन हेअर या सगळ्या त्या गटातल्या. प्रदर्शनात इंग्लिश स्पॉटला परीक्षक टेबलावर पळवून बघतात, कारण पळतानाच त्याची ठेवण कळते. यांना दिवसाकाठी भरपूर पळायला हवं, नाहीतर गालिचा, वायर, दाराची कड, जे सापडेल ते कुरतडतात. यातला चेकर्ड जायंट चांगला पाच किलोचा असूनही निवांत नसतो, त्यामुळे ‘मोठा म्हणजे शांत’ हा नियमही डोळे झाकून लावू नका. बेल्जियन हेअर दिसायला फार देखणा, पण पहिला ससा म्हणून कोणी घेऊ नये. उलट हिमालयन बघा: लांबट, नळकांड्यासारखं अंग, दोन किलोच्या आतबाहेर, आणि स्वभाव इतका मवाळ की टेबलावर लांब पसरून ठेवला तर तसाच राहतो.

मधल्या जातींत डच आणि मिनी रेक्स मला घरासाठी सगळ्यात बऱ्या वाटतात. दोन्ही साधारण दोन किलोच्या, चौकस, माणसांच्या मागेमागे फिरणाऱ्या. मिनी रेक्सची लव मखमलीसारखी असते, पण तळपायावरचे केस विरळ, म्हणून खाली मऊ अंथरूण हवंच. लायनहेडबद्दल ठाम काही सांगता येत नाही, एक अगदी लाघवी तर दुसरा बुजरा निघतो. अंगोराला शांत म्हणतात ते बव्हंशी खरं आहे, पण लोकर रोज विंचरावी लागते, आणि अंग चाटताना पोटात गेलेले केस आतडं तुंबवू शकतात.

हॉलंड लॉपसारख्या लोंबत्या कानांच्या सशांना सगळेच गरीब स्वभावाचे म्हणतात. बरेच असतातही. मात्र कान दुमडल्यामुळे त्यांची कानाची नळी अरुंद होते, मळ साठतो, संसर्ग होतो, दुखतं. त्यामुळे लॉप गप्पगप्प असला की मी आधी कान तपासून घ्यायला सांगतो आणि मग स्वभावाचं कौतुक करतो.

आता जातीपेक्षा मोठ्या गोष्टींकडे येतो. तीन महिन्यांचं गोड पिल्लू चार ते सहा महिन्यांचं झालं की वयात येतं. मग नर मूत्राचे फवारे मारतो, पायांभोवती गोल गोल फिरतो. मादी पिंजऱ्यात हात घातला की गुरगुरून अंगावर येते. हे जात बघून होत नाही. नसबंदीनंतर काही आठवड्यांत बरंच निवळतं, आणि मादीच्या बाबतीत ती करायचं आणखी कारण म्हणजे वय वाढल्यावर होणारा गर्भाशयाचा कर्करोग, जो सशांमध्ये फार आढळतो. दुसरं म्हणजे लहानपणीचा हात. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात, आईच्या दूध पाजण्याच्या वेळेच्या आसपास हाताळलेली पिल्लं पुढे माणसाला कमी घाबरतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणून विकणाऱ्याला जात विचारण्याआधी पिल्लं कोण आणि कशी हाताळतं ते विचारा.

आणि ‘शांत’ म्हणजे नक्की काय हवंय, हेही एकदा ठरवा. ससा हा शिकार होणारा प्राणी आहे. उचललं की तो थिजतो. उताणा धरला की निपचित पडतो, तेव्हा झोपलेला नसतो, घाबरून गोठलेला असतो. खरा निवांत ससा कुशीवर धपकन पडतो, मागचे पाय लांब सोडतो, हलकेच दात घासतो. मांडीवर बसायला बहुतेक सशांना आवडत नाही, जात कोणतीही असो. धडपडून जोरात लाथ झाडली तर त्यांचा कणा मोडू शकतो, तेव्हा सहा वर्षांच्या मुलीने ससा उचलूच नये. तिने जमिनीवर बसावं, हातात कोथिंबिरीची काडी धरावी आणि त्याला येऊ द्यावं. येतो, हळूहळू.

जागेचंही बोलायला हवं. ब्रिटनमधली सशांच्या कल्याणासाठी काम करणारी संस्था दोन सशांसाठी किमान 3 मीटर बाय 2 मीटर जागा सांगते, तीही सतत खुली. छोट्या पिंजऱ्यातला ससा कंटाळून सुस्त पडतो आणि त्याला आपण शांत म्हणतो. आणि एखादा ससा एकाएकी जास्तच गप्प झाला, खाणं सोडलं, लेंड्या कमी झाल्या, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता पशुवैद्याकडे न्या.

तुमच्या जागी मी असतो तर ड्वार्फ पिल्लाऐवजी पूर्ण वाढलेला, नसबंदी झालेला डच, मिनी रेक्स किंवा त्याच अंगकाठीचा मिश्र जातीचा ससा शोधला असता, शक्य असेल तर एकमेकांत रुळलेली जोडी. दीड-दोन वर्षांच्या सशाचा स्वभाव समोर दिसतो, पिल्लाचा फक्त अंदाज करावा लागतो. बघायला दुपारी जाऊ नका, दुपारी सगळेच ससे शहाणे असतात. ते पहाटे आणि संध्याकाळी रंगात येतात. तेव्हा जाऊन अर्धा तास जमिनीवर नुसतं बसा. जो स्वतःहून येऊन तुमच्या चपला हुंगेल, त्याच्याबद्दल विचारपूस सुरू करा.