कृत्रिम गुडघ्यातला संसर्ग गोळ्यांना दाद का देत नाही?
वडिलांच्या कृत्रिम गुडघ्यातल्या संसर्गावर नवीन काही उपचार आहे का, असं तुम्ही विचारलंय. चाळीतल्या मोरीचा बुळबुळीत थर आठवा. नुसतं पाणी ओतून जातो का? घासावाच लागतो. कृत्रिम सांध्यावर जंतूंचा असाच थर बसतो, त्याला बायोफिल्म म्हणतात. जंतू स्वतःभोवती चिकट आवरण करतात. आतले काही तर चक्क झोपून राहतात, आणि बरीचशी अँटिबायोटिक्स वाढत्या जंतूंवरच चालतात. म्हणून सर्जन सांधा उघडून खरवडतात, कधी इम्प्लांटच बदलतात.

नवीन म्हणाल तर फाज, जंतूंना मारणारे विषाणू. काही फाजांकडे तो थर विरघळवणारी एन्झाइम्सही असतात. (तशी गोष्ट जुनीच: १८९६ साली हॅन्किन या ब्रिटिश जंतुशास्त्रज्ञाने गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात हे नोंदवलं होतं; त्यामागे फाज असावेत असं पुढे अनेकांनी मानलं.) पण हा अजून नेहमीचा उपचार नाही. परळला दाखवायला जाल तेव्हा सांध्यातलं पाणी कल्चरला, म्हणजे जंतू ओळखायच्या तपासणीला, पाठवलंय का, ते आधी विचारा.