डेटा सायन्सची पदवी घ्यावी का? आधी विषयांची यादी उघडा

एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि विद्यापीठांचे अर्ज भरणं सुरू आहे. त्या लिहितात: "मुलीला पदवीलाच डेटा सायन्स घ्यायचं आहे. ह्यांचं म्हणणं, कॉम्प्युटर सायन्स घे, ते कुठेही चालतं. माझा भाऊ म्हणतो, डेटा सायन्स ही मास्टर्सला करायची गोष्ट आहे. मुलीचं गणित चांगलं आहे, पण गणितात जीव रमतो असंही नाही. आम्ही काय करावं?"

ताई, तुमच्या घरात प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण सगळा वाद पदवीच्या नावावरून चाललाय, आणि या विषयात नावावरून फारसं काही कळत नाही. मेडिकलला किंवा सिव्हिल इंजिनीअरिंगला काय शिकवायचं हे पिढ्यान्पिढ्या ठरत आलेलं आहे. डेटा सायन्स, म्हणजे माहितीच्या ढिगातून अर्थ काढण्याचं शास्त्र, पदवीच्या पातळीवर आत्ता आत्ता आलंय. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने ते २०१५ मध्ये सुरू केलं, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाने २०१८ मध्ये मेजर (पदवीचा मुख्य विषय) म्हणून आणलं, आयआयटी मद्रासचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम २०२० चा. त्यामुळे ज्या विद्यापीठात ज्या विभागाने पुढाकार घेतला, त्याच्या वळणाची पदवी तिथे तयार झाली. स्टॅटिस्टिक्सवाल्यांनी केली तिथे गणित भरपूर आणि कोडिंग बेताचं. कॉम्प्युटरवाल्यांनी केली तिथे उलट. बिझनेस स्कूलने केली असेल तर कधी कधी दोन्ही बेताचं आणि रिपोर्ट, डॅशबोर्ड, प्रेझेंटेशन जास्त. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात तर डेटा सायन्स दोन पदव्यांत घेता येतं, एक मॅथेमॅटिक्सची आणि एक कॉम्प्युटर सायन्सची. नाव तेच, पण चार वर्षांचा अभ्यास वेगळा.

म्हणून माझा सल्ला एकच आहे, आणि तो मी अगदी आग्रहाने देते. माहितीपत्रक, रँकिंग, फोटो सगळं बाजूला ठेवा आणि त्या पदवीची आवश्यक विषयांची यादी उघडा. विद्यापीठाच्या कॅटलॉगमध्ये ती असते, शोधावी लागते. मुलीला शेजारी बसवा आणि पुढचे विषय सक्तीचे आहेत का ते पाहा: मल्टिव्हेरिएबलपर्यंतचं कॅलक्युलस, लिनियर अल्जेब्रा, कॅलक्युलसवर आधारलेली प्रोबॅबिलिटी, आणि स्टॅटिस्टिकल इन्फरन्स, म्हणजे नमुन्यावरून सगळ्या समूहाबद्दल काय म्हणता येतं आणि किती खात्रीने म्हणता येतं, याचं शास्त्र. कॉम्प्युटरच्या बाजूने किमान दोन सेमिस्टर प्रोग्रॅमिंग, डेटा स्ट्रक्चर्स आणि डेटाबेस. मशीन लर्निंग, म्हणजे डेटावरून कॉम्प्युटरला शिकवणं, या सगळ्यानंतर यायला हवं. ते दुसऱ्याच सेमिस्टरला, लिनियर अल्जेब्राच्या आधी शिकवत असतील, तर मुलांना फक्त दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड (लायब्ररी) वापरायला शिकवताहेत असं समजा.

हा आग्रह का, तेही सांगते. दहा-बारा वर्षांपूर्वी या क्षेत्रात हडूप या प्रचंड डेटा हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरचा बोलबाला होता आणि ते शिकवणाऱ्या क्लासेसना तोटा नव्हता. आज नव्याने लागणाऱ्या मुलांना त्याबद्दल क्वचितच विचारलं जातं. उलट लीस्ट स्क्वेअर्सची पद्धत, म्हणजे आलेखावरच्या ठिपक्यांना सर्वांत जवळून जाणारी रेषा काढण्याची रीत, लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने १८०५ मध्ये छापली आणि ती आजही पहिल्या वर्षापासून नोकरीपर्यंत रोज वापरली जाते. टूल कंपनीत गेल्यावरही दोन महिन्यांत शिकता येतं. प्रोबॅबिलिटी नोकरी सांभाळून शिकणं फार कठीण जातं, मी हे अनेक मुलांच्या बाबतीत पाहिलं आहे.

आता यजमानांच्या म्हणण्याकडे येते. कॉम्प्युटर सायन्सची पदवी जास्त ठिकाणी चालते हे खरं आहे. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांना ती सरळ लागू पडते, आणि त्यातून डेटाकडे वळता येतं, पण त्यासाठी मुलीने स्टॅटिस्टिक्स मायनर (जोडविषय) म्हणून किंवा निवडीचे विषय घेऊन भरून काढायला हवं. नुसतं कॉम्प्युटर सायन्स करून बाहेर पडलेल्या मुलांना मॉडेल चालवता येतं, पण त्याच्या उत्तरावर कोणत्या वेळी विश्वास ठेवू नये हे बऱ्याचदा सांगता येत नाही. तिला सिस्टीम बांधायला आवडत असेल तर कॉम्प्युटर सायन्स घ्यावं. ते फक्त 'सेफ' वाटतं म्हणून घेऊ नये.

तुमच्या भावाचा मुद्दा मला जास्त पटतो. या क्षेत्रात नाव कमावलेल्या पहिल्या पिढीतल्या कुणाकडेच डेटा सायन्सची पदवी नव्हती. डी. जे. पाटील यांचं उदाहरण घ्या. २००८ च्या सुमाराला 'डेटा सायंटिस्ट' हे पद रूढ करणाऱ्या दोघांपैकी ते एक, आणि २०१५ मध्ये अमेरिकन सरकारचे पहिले चीफ डेटा सायंटिस्ट. त्यांची पदवी गणितातली, डॉक्टरेट उपयोजित गणितातली, आणि शिक्षणाची सुरुवात एका कम्युनिटी कॉलेजमधून. गणित, स्टॅटिस्टिक्स, फिजिक्स, इकॉनॉमिक्स यांपैकी कशातही पदवी घेऊन मास्टर्सला डेटा सायन्सकडे जाता येतं. मात्र उलट दिशेचा रस्ता अरुंद आहे. स्टॅटिस्टिक्समध्ये डॉक्टरेट करायची झाली तर बहुतेक चांगले विभाग रिअल ॲनालिसिस, म्हणजे कॅलक्युलसचा सिद्धतांसकट काटेकोर अभ्यास, झालेला आहे का ते पाहतात, आणि पुष्कळ डेटा सायन्स पदव्यांत ते सक्तीचं नसतं. मुलीला संशोधनाची थोडीशी जरी ओढ असेल, तर हा एक विषय तिने आपणहून घ्यावा.

तरीही पदवीलाच डेटा सायन्स घेणं चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. यादी भक्कम असेल तर ही पदवी फार चांगली आहे. बर्कलीच्या मेजरमध्ये मला एक गोष्ट मनापासून आवडते. तिथे मुलांना एक 'डोमेन' निवडावंच लागतं, म्हणजे जीवशास्त्र, अर्थशास्त्र, शहरनियोजन असा एखादा विषय आणि त्यातले काही कोर्स. शिवाय डेटाचा माणसांवर काय परिणाम होतो आणि त्यातली नैतिक बाजू कोणती, यावरचा एक कोर्सही सक्तीचा आहे. रुग्णालयाचा डेटा समजायला रुग्णालय कसं चालतं ते कळावं लागतं. तुमची मुलगी अर्ज करेल त्या प्रत्येक ठिकाणी अशी काही सोय आहे का ते पाहा. नसेल तर दुसऱ्या विषयातलं मायनर जोडता येतं का, तेही विचारा.

"गणितात जीव रमत नाही" या तुमच्या वाक्यावर थोडं थांबते, कारण खरा निर्णय तिथे आहे. शाळेत गणित न आवडणं म्हणजे बऱ्याचदा एकसारखी उदाहरणं सोडवत बसणं न आवडणं. त्यावरून काही ठरवू नका. तिच्यापुढे एक जुना, खरा डेटा ठेवून बघा. १९७३ मध्ये बर्कलीच्या पदव्युत्तर प्रवेशांत अर्ज केलेल्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला, स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना. एवढं सांगून तिला विचारा, स्त्रियांवर अन्याय झाला का? ती बहुधा हो म्हणेल. मग तिला एकेका विभागाचे आकडे दाखवा. सहा मोठ्या विभागांचा तक्ता इंटरनेटवर सहज मिळतो. पहिल्या विभागात ८२५ पुरुषांनी अर्ज केले, ५१२ घेतले, म्हणजे ६२ टक्के. स्त्रिया होत्या १०८, घेतल्या ८९, म्हणजे ८२ टक्के. सगळ्यात अवघड विभागात पुरुषांचं प्रमाण ६ टक्के, स्त्रियांचं ७. सहापैकी चार विभागांत स्त्रियांचंच प्रमाण जास्त, आणि तरी एकूण बेरजेत त्या मागे.

हे कसं होऊ शकतं, ते तिला सांगू नका. तिलाच शोधू द्या. उत्तर असं, की जिथे मुळात फार थोड्यांना प्रवेश मिळतो अशा विभागांकडे स्त्रियांचे अर्ज जास्त होते. पीटर बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये हे विश्लेषण प्रसिद्ध केलं. पण गोष्ट इथे संपत नाही. स्त्रिया त्या विभागांकडेच जास्त का वळल्या, सोप्या विभागांचा रस्ता त्यांना शाळेपासूनच बंद होता का, हा पुढचा प्रश्न आहे आणि तो या तक्त्यातून सुटत नाही. मुलगी कागद घेऊन टक्केवाऱ्या मांडायला लागली, आणि "पण मग..." असं तिच्या तोंडून निघालं, तर तिला हे शिक्षण झेपेल आणि आवडेलही. तिने दोन मिनिटांत कंटाळून तक्ता बाजूला केला, तर तेही मोकळेपणाने मान्य करा. पदवीची चार वर्षं असलीच कामं करायची असतात, आणि त्यातला बराच वेळ डेटा साफ करण्यात जातो. एका फाइलमध्ये ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल आणि दुसरीत चार मार्च, कुठे वय रिकामं आणि कुठे त्याच जागी ९९९ भरलेलं. हे चिकाटीने निस्तरण्याची तयारी लागते.

शाळेच्या गणिताबद्दल, तुमच्याकडे कोणती पद्धत आहे ते पत्रात नाही, म्हणून सगळ्यांसाठीच लिहिते. शाळेत 'डेटा सायन्स' नावाचा विषय असेल तर तो जास्तीचा म्हणून खुशाल घ्यावा, अल्जेब्रा किंवा कॅलक्युलस सोडून घेऊ नये. कॅलिफोर्नियात काही काळ शाळांना अल्जेब्रा २ च्या जागी डेटा सायन्सचा कोर्स धरता येत होता. त्यावर गणिताच्या प्राध्यापकांनी जोरदार हरकत घेतली आणि २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रवेशविषयक समितीने ती वाट बंद केली. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) शाळेतल्या मुलांचा गोंधळ वेगळा असतो. तिथे गणिताचे दोन मार्ग आहेत, एए (ॲनालिसिस अँड ॲप्रोचेस) आणि एआय (ॲप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन). एआयमध्ये स्टॅटिस्टिक्स जास्त, म्हणून डेटा सायन्सला तेच योग्य असं वाटतं. पण गणिताचा भार असलेल्या बऱ्याच पदव्यांना एए हायर लेव्हलच हवं असतं, तेव्हा मार्ग निवडतानाच विद्यापीठांच्या अटी वाचा. ए-लेव्हलला, म्हणजे ब्रिटिश पद्धतीच्या शाळेच्या शेवटच्या परीक्षेला, मॅथ्स हवंच, आणि शाळेत मिळत असेल तर फर्दर मॅथ्सही. ब्रिटनमध्ये अर्ज करतानाच विषय ठरवावा लागतो आणि नंतर बदलणं जड जातं. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी आधी प्रवेश आणि मग मेजर, पण मागणी असलेल्या मेजरना आत शिरतानाही अटी असतात, हे प्रवेश घेण्याआधी विचारून घ्या.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी एक व्हिसाची गोष्ट, कारण ती ऐनवेळी कळते. मुलगी एच-४ वर, म्हणजे पालकांच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असेल तर वयाची एकवीस वर्षं पूर्ण झाली की तो दर्जा संपतो, आणि हे वय बऱ्याचदा पदवीच्या काळातच येतं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसाकडे कधी आणि कसं जायचं हे पहिल्या वर्षीच वकिलाशी बोलून ठरवा. एफ-१ वरच्या मुलांना पदवीनंतर १२ महिने काम करता येतं, आणि पदवी सरकारच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनीअरिंग, गणित) यादीत असेल तर आणखी २४. डेटा सायन्स २०२२ मध्ये त्या यादीत आलं. पण यादी चालते पदवीच्या कोडवर, छापलेल्या नावावर नव्हे. म्हणून विद्यापीठाकडून सीआयपी कोड, म्हणजे त्या अभ्यासक्रमाचा सरकारी वर्गीकरण क्रमांक, लेखी मागवा आणि ताज्या यादीशी पडताळून पाहा.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे या नोकऱ्याच जाणार का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण हल्ली प्रत्येक घरात ते विचारलं जातं. साधा कोड लिहिणं आणि ठरावीक आलेख काढणं ही कामं यंत्र बऱ्यापैकी करतं, त्यामुळे तेवढंच येणाऱ्या मुलांना पहिली नोकरी मिळणं आधीपेक्षा कठीण होईल असं मला वाटतं. कोणता प्रश्न विचारायचा, हाती आलेल्या डेटातून त्याचं उत्तर मिळू शकतं का, आणि बर्कलीच्या तक्त्यासारखी बेरीज फसवत तर नाही ना, हे माणसालाच पाहावं लागतं. गणिताचा आग्रह मी याचसाठीही धरते.

अर्ज पाठवायच्या आधी दोन गोष्टी करून घ्या. बर्कलीच्या पहिल्या डेटा सायन्स कोर्सचं, डेटा ८ चं, पाठ्यपुस्तक इंटरनेटवर मोफत आहे. मुलीला त्यातली पहिली तीन-चार प्रकरणं कोडसकट स्वतः करू द्या. आणि तिच्या यादीतल्या प्रत्येक विभागाला एक ईमेल जाऊ द्या. त्यात तीन प्रश्न पुरेत: शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट कोणाच्या डेटावर होतो, इन्फरन्सचा कोर्स कोणत्या विभागाचे प्राध्यापक शिकवतात, आणि दुसऱ्या वर्षी मेजर बदलून गणित किंवा कॉम्प्युटर सायन्सला जायचं झालं तर किती विषय मोजले जातात. हे ईमेल तुम्ही किंवा यजमानांनी लिहू नये, तिने लिहावं. उत्तरं आल्यावर ती, तुम्ही, यजमान आणि तुमचे भाऊ असे चौघं मिळून वाचा. भावाचा मास्टर्सचा मुद्दा तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरापाशी पुन्हा काढायला हरकत नाही.