पत्ता आणि सही

काकूंनी साडीच्या दुकानाची पिशवी टेबलावर ठेवली आणि हळूच माझ्याकडे सरकवली. आत लिफाफे होते. मी मोजले, अठरा भरले. एकही फोडलेला नव्हता.

"धीर होत नाही," काका म्हणाले. "सगळे त्याच्या नावाचे. पण पत्ता आमचा आहे ना."

काका सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, वय ६९. नाशिकला सिडकोत स्वतःचं घर, नोकरीत असताना हप्त्याहप्त्याने फेडलेलं. एकुलता मुलगा ३५ वर्षांचा, पुण्यात नोकरीला, बायको आणि तीन वर्षांची मुलगी. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. पिशवी मात्र खरी.) दोन महिन्यांपासून बुलेटवरून दोन पोरं घरी यायची. मुलगा कुठे आहे ते विचारायची, मग फाटकाबाहेर उभं राहून शेजारच्या वहिनींना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, "पैसे नाही भरले तर घराला सील लागणार." तेव्हापासून काकांनी दारावरच्या बेलची तार काढून ठेवली होती. काकू दुपारी घराचे पडदे ओढून बसायच्या.

"मुलाच्या कर्जापायी आमचं घर जाईल का?" कुटुंब समुपदेशक म्हणून हा प्रश्न मी अलीकडे इतक्यांदा ऐकलाय की समोरच्याने पहिलं वाक्य पूर्ण करायच्या आत कळतं. मी वकील नाही आणि तसा आव आणत नाही. पण घाबरलेली माणसं वकिलाकडे जायच्या आधी माझ्याकडे येतात. घाबरलेल्या माणसाला वकील काय सांगतोय ते ऐकूही येत नाही. म्हणून पहिलं काम, लिफाफे फोडणं.

पट्टीने फोडले, एकेक. काकू वाचायच्या, मी कागदावर तीन रकाने पाडून लिहायची: कोणाचं कर्ज, किती, आणि तुमची सही आहे का. तिसरा रकाना महत्त्वाचा. लोकांना भीती वाटते ती पत्त्याची. धोका असतो तो सहीचा.

मुलाच्या आधारकार्डावर नाशिकचा पत्ता होता. पुण्यात भाड्याच्या घरात राहणाऱ्या पोरांचा कायमचा पत्ता बहुतेक वेळा आईवडिलांचाच असतो. त्याने कर्ज घेताना तो दिला, म्हणून पत्रं आणि माणसं तिथे येत होती. त्या पत्त्यामुळे घर कर्जाला बांधलं जात नाही. पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड, मोबाइलच्या ॲपवरून घेतलेलं कर्ज, या सगळ्यांना तारण नसतं. बँक कोर्टात न जाता परस्पर घराचा ताबा घेऊ शकते ती २००२च्या सरफेसी कायद्याखाली, पण त्यासाठी ती मालमत्ता कर्जाला तारण दिलेली असावी लागते, आणि तेव्हाही आधी ६० दिवसांची नोटीस येते. बिनतारणी कर्जाच्या वसुलीसाठी बँकेला कोर्टात किंवा लवादाकडे जावं लागतं, आणि हुकूम मिळाला तरी जप्ती येते ती कर्ज घेणाऱ्याच्या मालमत्तेवर. वडिलांनी स्वकमाईने घेतलेल्या घरात वडील हयात असेपर्यंत मुलाचा हिस्सा नसतो. "पुढेमागे त्यालाच मिळणार" ही आपली घरातली समजूत. जप्तीसाठी ती चालत नाही.

"म्हणजे सील?" काकूंनी विचारलं.

"बुलेटवरच्या पोरांना सील लावायचा अधिकार नाही."

काकूंनी पदराने चष्मा पुसला. काका मात्र गप्प होते. तेव्हा मला वाटलं, अजून विश्वास बसत नसेल. खरं कारण पुढे कळलं.

मी आणखी तीन गोष्टी विचारल्या. घर वडिलोपार्जित आहे का? नाही. असतं तर मुलाचा जन्मापासूनचा हिस्सा असता, आणि त्या हिश्श्यावर वसुली येऊ शकली असती. घरावर मुलाचं नाव लावलंय का? काकूंनी काकांकडे पाहिलं. लावलं नव्हतं, पण बेत होता. कोणीतरी सल्ला दिला होता की बक्षीसपत्र करून टाका, राहतं घर मुलाला द्यायला मुद्रांक शुल्क अगदी नाममात्र लागतं, नंतर कटकट नको. महिनाभरात करणारही होते. मी पेन खाली ठेवलं. ज्याच्या डोक्यावर इतकी कर्जं आहेत त्याच्या नावावर आपलं एकमेव छप्पर करायचं, तेही या वर्षी! त्यांना सांगितलं की बक्षीसपत्र नको, करायचंच तर वकिलाला विचारून मृत्युपत्र करा आणि घर आधी काकूंना जाईल असं पाहा. काकांच्या माघारी जो हिस्सा मुलाच्या नावावर येईल, तो मात्र वसुलीवाल्यांच्या टप्प्यात येऊ शकतो.

तिसरा प्रश्न, घराची मूळ कागदपत्रं कुठे आहेत. हा विचारल्यावर बरीच मंडळी हसतात. पण इंडेक्स टू (घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आणि मूळ करारनामा मुलाने "झेरॉक्स काढून आणतो" म्हणून नेलाय आणि तो परत आलेला नाही, अशी घरं मी पाहिली आहेत. इथे कागद कपाटात होते, काकूंच्या लग्नातल्या शालूखाली.

अकराव्या लिफाफ्यावर पतसंस्थेचा शिक्का होता, आणि हे पत्र काकांच्या नावाचं होतं. सुरुवातीला त्यांनीच सांगितलं होतं, "सगळे त्याच्या नावाचे." काकूंनी वाचायला सुरुवात केली आणि मधेच थांबल्या. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखल्यासाठी पतसंस्थेने सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयात अर्ज केला होता. प्रतिवादी तीन: कर्जदार मुलगा, जामीनदार क्रमांक एक त्याचा मित्र, जामीनदार क्रमांक दोन काका. सुनावणीला बारा दिवस उरले होते.

"तुम्ही सही केली होती?" काकूंनी विचारलं. एवढंच.

काकांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, कारण अशी गोष्ट मी वेगवेगळ्या काकांकडून ऐकली आहे. "२०१८ची गोष्ट. तो नाशिकलाच मोबाइल रिपेअरिंगचं दुकान टाकणार होता. म्हणाला, बाबा, नुसती फॉर्म्यालिटी आहे. गेलो. चष्मा घरी राहिला होता. साहेबांनी पेन्सिलीने फुल्या मारून ठेवल्या होत्या, तिथे तिथे सह्या केल्या. चहा दिला. परत आलो." दुकान दीड वर्षात बंद पडलं. हप्ते काही काळ गेले, मग थांबले. काकूंना यातलं काही माहीत नव्हतं.

जामीन हा शब्द आपल्याकडे भिडेचा आहे. शेजारी, मेहुणा, सहकारी, कोणी मागितला की नाही म्हणणं जड जातं. पण १८७२च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. "आधी मुलाकडून वसूल करा, जमलं नाही तर माझ्याकडे या" असं म्हणायची सोय नसते. आणि पतसंस्थेला दिवाणी कोर्टाचा लांबचा रस्ता धरावा लागत नाही. निबंधकाने वसुली दाखला दिला की वसुली अधिकारी जप्तीची कारवाई सुरू करू शकतो, जामीनदाराच्या घरावरही. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज (म्हणजे वर फेरतपासणी मागायचा अर्ज) करायचा तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. म्हणून जे काही बोलायचं ते दाखला निघायच्या आधी.

म्हणजे एकूण सात कर्जं, त्यांपैकी सहा दारात आरडाओरडा करत होती, पण त्यांना घराला हात लावता येत नव्हता. सातवं गुपचूप लिफाफ्यात पडून होतं. गंमत अशी की ॲपवाल्यांना गप्प करण्यासाठी काकूंनी मधल्या काळात ९०,००० रुपये भरले होते. दोन पाटल्या सोनेतारण ठेवून. हेही काकांना माहीत नव्हतं. त्या दिवशी माझ्या खोलीत दोघांची एकेक गुपितं बाहेर पडली. दोघंही थोडा वेळ एकमेकांकडे बघत राहिले, आणि मग काकू चक्क हसल्या. "फिट्टंफाट," म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी मुलगा आला. खुर्चीच्या टोकावर बसला, मोबाइल पालथा ठेवून. तो थरथरला की तिघंही दचकत होते. काकांनी सुरुवातच केली, "घर विकून टाकू. तुझं सगळं फेडू. आम्ही भाड्याने राहू." उदार वाटतं ऐकायला. पण माझ्या मते हा रागच असतो, त्यागाचं सोवळं नेसलेला. मुलाची मान आणखी खाली गेली.

मी त्याला आधी कर्जाचं काही विचारलं नाही. झोप लागते का, जेवतोस का, आणि मग सरळ: "जीव द्यावासा वाटतो का?" आईवडिलांसमोर हे विचारलेलं काहींना आवडत नाही. पण कर्जात अडकलेल्या माणसाला हा प्रश्न विचारला नाही तर तो उत्तर एकट्याने शोधतो. तो म्हणाला, "दिवाळीच्या आधी वाटायचं. आता आई रोज फोन करते म्हणून नाही." त्याला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोबाइलमध्ये तिथेच सेव्ह करायला लावला. रात्री-बेरात्री मी फोन उचलेनच असं नाही, तिथे उचलतात.

मग कर्जाची गोष्ट निघाली. दुकानाचं सोडलं तर बाकी सगळं शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे भाव पुढे चढेल की पडेल यावरच्या सौद्यांमध्ये, गेलं होतं. एक तोटा भरून काढायला दुसरं कर्ज, ते फेडायला कार्ड, कार्डासाठी ॲप. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन वर्षांत या व्यवहारांत पडलेल्या किरकोळ गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्याचं दिसलं होतं. हे मी त्याला सांगितलं ते शहाणपण शिकवायला नाही. "मी एकटाच मूर्ख" असं त्याचं ठाम मत होतं, ते जरा सैल व्हावं म्हणून.

काकांना मी एक वाक्य तयार करून दिलं. आपल्याकडे "नाही" म्हणायला शब्द सापडत नाहीत, म्हणून ते आधीच जुळवून ठेवावे लागतात. ते वाक्य असं: "घर गहाण टाकणार नाही, विकणार नाही, तुझ्या नव्या कर्जाला सही करणार नाही, पण तू कधीही ये, जेवायला ये, राहायला ये." काका वाक्याच्या पहिल्या अर्ध्यावर खूष होते, काकू दुसऱ्या अर्ध्यावर. दोघांनी पूर्ण वाक्य म्हणायचं ठरलं. काकांना दुसरा अर्धा म्हणताना तीनदा ठसका लागला.

व्यवहाराचं मग भराभर झालं. वकिलांना घेऊन बाप-लेक सुनावणीच्या चार दिवस आधी पतसंस्थेत गेले. व्याजासह चार लाखांच्या वर गेलेली रक्कम एकरकमी परतफेडीत ३,१०,००० वर आली. मुलाने गाडी विकली, काकांनी एफडी मोडून एक लाख घातले. ही त्यांची सही होती, त्यामुळे ते पैसे घालणं मला रास्त वाटलं. अर्ज निकाली निघाल्याचा कागद आणि बेबाकी दाखला (कर्ज पूर्ण फिटल्याचा) हातात घेतल्याशिवाय उठायचं नाही, असं सांगून ठेवलं होतं. काका दोन तास बसून राहिले. जामीनदार असलेल्या मित्राने शेवटपर्यंत फोन उचलला नाही.

बाकी सहा कर्जांना मात्र काकांनी एक रुपया द्यायचा नाही असं ठरलं. मुलाने स्वतः बँकांशी लिहून बोलायचं, हप्ते वाढवून मागायचे, पुण्याचा पत्ता सगळीकडे कळवायचा. त्याने एका ठिकाणी चेक दिलेला होता. तो आधी मिटवायला सांगितला, कारण कर्ज थकलं म्हणून पोलीस उचलून नेत नाहीत, पण चेक वटला नाही तर कलम १३८ची फौजदारी केस होऊ शकते. व्हॉट्सॲपवर येणारे अशोकस्तंभाचं चित्र छापलेले "अटक वॉरंट" त्याने वकिलांना दाखवले. वकील म्हणाले, फॉन्ट तरी धड वापरायचा.

आणि बुलेटवरची पोरं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या परिपत्रकानुसार वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत. घरच्यांना, शेजाऱ्यांना मधे घेऊन बदनामी करणंही त्यात बसत नाही. काकांना एक वही करायला लावली: तारीख, वेळ, कोण आलं, काय बोललं. पुढच्या वेळी पोरं आली तेव्हा काका वही घेऊनच फाटकाशी गेले. "नाव सांगा. कंपनीचं ओळखपत्र दाखवा. मुलगा इथे राहत नाही, त्याचा पुण्याचा पत्ता तुमच्या बँकेला लेखी कळवलाय." एकाने विचारलं, "काका, लिहिताय काय?" काका म्हणाले, "तुमचंच." वहीतल्या नोंदी जोडून बँकेकडे तक्रार गेली. तीस दिवसांत दखल घेतली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, पण तितकी वेळ आली नाही. पोरं परत फिरकली नाहीत.

काकूंच्या पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत. मुलगा दर महिन्याला त्यांचे पाच हजार पाठवतो, कधी चार. सुनेचा राग गेलेला नाही आणि तो इतक्यात जाऊही नये असं मला वाटतं. तिला यातलं सगळ्यात शेवटी कळलं. ती वेगळी येऊन बोलते.

मागच्या महिन्यात काकांचा फोन आला. पुतण्याला ट्रॅक्टरसाठी कर्ज हवंय, जामीनदार हवाय, नुसती फॉर्म्यालिटी आहे म्हणतो.

"मग काय म्हणालात?"

"म्हटलं, काकूला विचारून सांगतो."

"आणि काकू?"

"ती म्हणाली, चष्मा सापडत नाही म्हणून सांगा."