प्रेमकथांमधील नायिका इतक्या अविचाराने का वागतात?

प्रेमकथा मनापासून आवडत असूनही त्यांतील शिकल्यासवरल्या, नोकरी करणाऱ्या नायिका ऐन मोक्याच्या वेळी इतक्या अविचाराने वागतात की पुस्तक अर्ध्यावर मिटावेसे वाटते, असे आपण लिहिले आहे आणि यात दोष नायिकेचा, लेखकाचा की आपल्या अपेक्षांचा, असे विचारले आहे. आपल्या अपेक्षांचा दोष मुळीच नाही. मी निपाणीत बरीच वर्षे शाळेत मराठी शिकवले आणि निवृत्त झाल्यापासून आठवड्यातले दोन दिवस एका लहान वाचनालयात पुस्तकांच्या देवघेवीचे काम पाहते. तेथे प्रेमकथांचे कपाट सर्वांत आधी रिकामे होते आणि त्या परत करताना बायका आपल्यासारखीच तक्रार करतात.

अशाच एका कादंबरीची गोष्ट सांगते. तिची नायिका बँकेत अधिकारी आहे. रोज लाखो रुपयांच्या कर्जाची कागदपत्रे तपासते. एके दिवशी दवाखान्याच्या दारात तिला नायक एका परक्या बाईचा हात धरून उभा दिसतो. ती त्याला काही विचारत नाही, घरी कोणाला सांगत नाही, रातोरात राजीनामा लिहून अनोळखी गावाची बस पकडते आणि ती बाई नायकाची चुलत बहीण होती हे तिला दोनशे पानांनंतर कळते. त्या बसच्या प्रसंगापाशी समासात कोणीतरी पेन्सिलीने लिहिले होते, ‘अगं, विचार की त्याला!’

वाचनालयाच्या पुस्तकावर लिहू नये, हे मी सगळ्यांना सांगत असते. पण ती ओळ मी खोडली नाही. आमच्या सीमाभागात न विचारता बाईचे चालतच नाही. मराठी शाळेत शिकलेल्या बाईच्या हाती जमिनीचा उतारा येतो तो कन्नडमध्ये; तो ती एकाकडून वाचून घेते, दुसऱ्याला दाखवते आणि दोघांचे म्हणणे जुळले तरच अंगठा किंवा सही करते. माझ्या शेजारच्या मावशींनी उभे आयुष्य तंबाखूच्या वखारीत काढले. शाळा दुसरीपर्यंतच झाली, तरी आठवड्याची मजुरी मोजून घेतल्याशिवाय त्यांनी पदराच्या गाठीत कधी बांधली नाही. अशा बायका कादंबरी वाचतात आणि लेखक त्यांच्यापुढे एक प्रश्नही न विचारता संसार मोडून जाणारी बँक अधिकारी उभी करतो, तेव्हा त्यांना राग येणारच.

असे का होते, याचे माझ्या परीने उत्तर देते. दोन माणसे एकमेकांना आवडली आणि लगेच एकत्र आली तर कथा उरत नाही, म्हणून मध्ये अडथळा लागतो. तो आपल्या समाजात शोधावा लागत नाही: जात, हुंडा, पत्रिका, थोरल्या बहिणीचे राहिलेले लग्न, आईवडिलांचे आजारपण, आणि आमच्याकडे तर घरात मराठी की कन्नड हाही प्रश्न असतो. पण वाचकाला नको ते आठवू नये म्हणून लेखक हे सारे बाहेर ठेवतो. नायक-नायिकेला आडनावाची अडचण नसते, पैशाची नसते, घरच्यांची नसते. खरे अडथळे काढून टाकल्यावर दोनशे पाने भरण्याचा सारा भार नायिकेच्या बुद्धीवर येतो आणि ती बुद्धी गहाण टाकल्याशिवाय कथा पुढे सरकत नाही. मोबाईलवर भागाभागांनी येणाऱ्या कथांत तर प्रत्येक भागाच्या शेवटी उत्कंठा हवी असते, त्यामुळे तिला दर भागात नवी चूक करावी लागते.

दुसरे कारण मला अधिक खटकते. नायक किती समर्थ आहे, हे दाखवण्यासाठी नायिकेला मुसळधार पावसात एकटीला निर्जन रस्त्यावर पाठवले जाते आणि या वागण्याला निरागसपणा असे गोड नाव दिले जाते. तिला कमी केल्याशिवाय ज्याचे मोठेपण दिसत नाही, तो नायक मुळात मोठा नव्हेच.

नायिकेने चुकूच नये, असे मात्र मी म्हणणार नाही. जेन ऑस्टिनच्या १८१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये नायिका एलिझाबेथ ही डार्सी आणि विकम या दोन्ही पुरुषांना चुकीचे ओळखते, पण डार्सीने नृत्याच्या समारंभात तिच्याविषयी काढलेले तुच्छतेचे उद्गार तिने स्वतःच्या कानांनी ऐकलेले असतात, म्हणून त्याची निंदा करणारा विकम तिला खरा वाटतो. पुढे डार्सीचे पत्र हाती येते तेव्हा ती ते पुन्हा पुन्हा वाचते, आठवणींशी ताडून पाहते आणि आपलेच चुकले हे मान्य करते. हे ६१ प्रकरणांपैकी पस्तिसाव्या-छत्तिसाव्या प्रकरणांत घडते. गैरसमज सुटल्यावरही पंचवीस प्रकरणे कथा रंगते, कारण आता तिला स्वतःच्या चुकीसह जगायचे असते.

आपल्याकडेही सुरुवात अशी दुबळी नव्हती. १८३१ मध्ये बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि अनेक अभ्यासक तिला मराठीतील पहिली कादंबरी मानतात. ती प्रेमकथा नव्हे आणि तिच्यातील धर्मप्रचाराचा हेतू उघड आहे. तरीही तिची यमुना प्रवासात विधवांची दुःखे पाहते, ऐकते आणि त्यांवर विचार करते.

आता त्या समासाकडे परत येते. काही महिन्यांनी तीच कादंबरी पुन्हा माझ्या हाती आली, तेव्हा पेन्सिलीच्या ओळीखाली निळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात लिहिलेले होते, ‘विचारून तरी कोण सांगतंय?’ ते वाचून मी मागची पाने चाळली. नायिकेने याआधी दोनदा नायकाला सरळ प्रश्न विचारले होते आणि दोन्ही वेळा तो उत्तर न देता उठून गेला होता. लेखकाने त्याला नायकाचा गंभीर स्वभाव म्हटले होते आणि विषय तेथेच सोडला होता. बसमध्ये बसताना तिला ते दोन प्रसंग आठवले, एवढ्या चार ओळी जरी त्याने लिहिल्या असत्या, तरी तिचे जाणे मला पटले असते. त्या ओळी त्या निळ्या शाईवाल्या बाईने मनातल्या मनात लिहून घेतल्या होत्या.