दहा किलो तूरडाळ

प्रश्न : 24 मार्च 2020 च्या रात्री सासूबाईंनी मला पिटाळून 10 किलो तूरडाळ आणवली. शेवटी तिला किडे लागले! माणसं असं का वागतात?
– एक वाचक, सातारा

उत्तर : हसू नका त्यांना. 21 दिवसांची टाळेबंदी ऐकताच मीही पिशवी घेऊन जिना उतरले होते. रांगेत पुढच्या बाईंनी 5 किलो साखर घेतली, म्हणून मीही घेतली. घरात दोघं मधुमेही! विषाणू दिसत नाही, डबा भरलेला दिसतो. त्यात दुकानदार ठेवतो रोजच्या खपापुरतंच. चारजणांनी दुप्पट उचललं की फळी रिकामी, आणि ती पाहून पाचवा घाबरतो. सासूबाईंनी 1972 चा दुष्काळ पाहिलाय का? रेशनची लाल मिलो ज्वारी खाल्लेली माणसं डाळ मोजून आणत नाहीत.